टेबलावर पेटतो, अंगावर विझतो: एलईडी पोशाखातला नेहमीचा बिघाड

डिसेंबर उजाडला की शाळांची गॅदरिंगं सुरू होतात आणि माझ्या मशीनवर नव्या शिलाईपेक्षा दुरुस्तीचेच कपडे जास्त पडतात. मोराचा पिसारा, फुलपाखराचे पंख, अंधारात नाचणाऱ्या ग्रुपचे काळे जॅकेट. तक्रार ठरलेली: "घरी मस्त चालत होतं, घातलं की बंद पडतं." आणि सोबत निदानही ठरलेलं: "पट्टी डुप्लिकेट असणार" किंवा "कोडमध्ये काहीतरी आहे." दोन्ही क्वचितच खरं निघतं.

पुढचं सगळं डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या पाच व्होल्टच्या एलईडी दिव्यांच्या पट्टीबद्दल आहे. दुकानात तिला ॲड्रेसेबल किंवा पिक्सेल पट्टी म्हणतात, निओपिक्सेल म्हणूनही ती मिळते. तीन तारा: पाच व्होल्ट, ग्राउंड (वीज परत नेणारी) आणि डेटा (रंगांचे हुकूम नेणारी). नक्षीचा कोड चालवणारा छोटा बोर्ड, म्हणजे कंट्रोलर, बहुधा ईएसपी३२, ईएसपी८२६६ किंवा अर्दुइनो नॅनो, आणि खिशात पॉवर बँक.

लक्षणं: विझतं हे सगळेच सांगतात, कसं विझतं ते बघा

• सगळा पोशाख क्षणभर काळा होतो आणि नक्षी पहिल्यापासून सुरू होते. कंट्रोलर रीस्टार्ट झाला. संशय पॉवर बँक, केबल किंवा तिच्या पिनेवर.

• सगळं विझतं आणि विझलेलंच राहतं. पॉवर बँकेचं बटण दाबलं की परत येतं. पॉवर बँक झोपी गेली. पट्टी निर्दोष.

• एका ठिकाणापर्यंत नीट, त्यापुढचं एकदम काळं. पॉवरची तार किंवा पट्टीतलं तांबं तुटलंय.

• एका ठिकाणापर्यंत नक्षी चालू, त्यापुढचे दिवे पेटलेले पण गोठलेले, रंग बदलतच नाहीत. डेटाची तार सुटली.

• शेवटाकडे पांढरा रंग पिवळा, मग तांबूस होत जातो. व्होल्टेज कमी पडतंय.

• माणूस स्थिर उभा असतानाही कुठेही, कसलेही रंग लुकलुकतात. डेटाचा सिग्नल अशक्त आहे किंवा ग्राउंड नीट नाही.

• लाल मागितला, हिरवा आला. हा बिघाडच नाही. या चिपा हिरवा-लाल-निळा या क्रमाने आकडे घेतात. सेटिंगमध्ये कलर ऑर्डर आरजीबीची जीआरबी करा आणि विषय संपवा.

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणातला फरक कळला तर निम्मं काम झालं. या पट्टीतल्या प्रत्येक दिव्यात छोटी चिप असते. ती डेटातले आपले २४ बिट काढून घेते आणि उरलेले पुढच्याला देते, पंगतीत पातेलं हातोहात पुढे सरकावं तसं. आपल्या वाट्याला आलेला रंग ती पॉवर असेपर्यंत धरून ठेवते. म्हणून नाचताना फक्त डेटा तुटला तर पुढचे दिवे विझत नाहीत, शेवटच्या रंगावर अडकतात. पॉवर तुटली तरच काळे पडतात. मात्र ही परीक्षा चालू पोशाखावरच करायची. डेटा तुटलेला पोशाख बंद करून पुन्हा लावला, तर पुढच्या दिव्यांना रंग मिळालेलाच नसतो आणि तेही काळेच दिसतात. म्हणून माझ्याकडे पोशाख आणणाऱ्यांना मी आधी सांगते की, बंद पडला की लगेच स्विच चालू-बंद करत बसू नका. आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा.

पहिली तपासणी, फुकटातली: पॉवर बँक आणि केबल

केबल बदला. दुसऱ्या, आखूड आणि जाड केबलने लावून बघा. फोन चार्ज करणारी केबल पोशाखाला चालेलच असं नाही. फोन कमी करंटवर निमूट चार्ज होत राहतो, पण पट्टी एकदम पांढरी झाली की तिला जास्त करंट त्याच क्षणी हवा असतो. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर रीस्टार्ट होतो. मग यूएसबीची पिन हातात धरून हलवा. खिशात ती सगळा वेळ वाकत असते, आणि ढिली झालेली पिन टेबलावर कधीच पकडली जात नाही.

पॉवर बँक झोपते त्याचं कारण वेगळं. करंट फार कमी झाला की तिला वाटतं फोन भरला, आणि काही सेकंदांनी ती स्वतःला बंद करते. गाण्यात मधेच अंधार ठेवला असेल तर नेमकी तिथे ती झोपते. उपाय सोपा आहे: नक्षीत पूर्ण अंधार ठेवू नका. अस्तराच्या आत न दिसणारे काही दिवे मंद पेटते ठेवा. काही पॉवर बँकांना इअरफोन वगैरेंसाठी कमी करंटचा मोड असतो, तो असेल तर वापरा.

पॉवर बँकेवर छापलेला वॉटचा मोठा आकडा बघून भुलू नका. तो बहुतेक वेळा जास्त व्होल्टेजच्या फास्ट चार्जिंगचा असतो. बारीक अक्षरांत ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. आपल्या कामाचा तेवढाच.

दुसरी, तीही फुकट: ब्राइटनेस उतरवा

पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर खातो असं धरून चालायचं. मीटरला ६० दिव्यांची पट्टी असेल तर एका मीटरला ३.६ अँपिअर. पंखांना सहज तीन मीटर लागते. कुठली पॉवर बँक देणार एवढं?

ब्राइटनेस पाव करून बघा. पोशाख लगेच शहाण्यासारखा वागू लागला, तर तार तुटलेली नाही, मागणी जास्त आहे. फास्टलेड या तयार कोडच्या लायब्ररीत व्होल्ट आणि मिलिअँपिअरची कमाल मर्यादा घालायची सोय आहे. डब्ल्यूएलईडी हे कंट्रोलरवर चालणारं तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात लिमिटर असतोच, सुरुवातीला ८५० मिलिअँपिअरवर लावलेला. तो कोणी उत्साहाने बंद केलाय का ते बघा. अंधाऱ्या स्टेजवर पाव ब्राइटनेसही प्रेक्षकांच्या डोळ्यांना पुरून उरतो. शंभर टक्के लागते ती फक्त खरेदीच्या दिवशी दुकानात.

एक पॉवर बँक पुरत नाही म्हणून दोन जोडायच्या असतील, तर दोघींचे पाच व्होल्ट एकमेकांना कधीही जोडू नका. पट्टीचे दोन भाग करा, प्रत्येकाला स्वतंत्र पाच व्होल्ट द्या, आणि फक्त ग्राउंड सामाईक ठेवा. ग्राउंड सामाईक नसेल तर दुसऱ्या भागाला डेटा कळतच नाही.

तिसरी: हलवून बघा. इथेच बहुतेक चोर सापडतात

टेबलावर सपाट पसरून तपासण्यात अर्थ नाही. बिघाड वाकण्यातून आलाय, तो वाकवल्यावरच दिसणार. पोशाख हँगरला लावा, किंवा ज्याचा आहे त्याला घालायला लावा. संथ बदलणारी, सगळे दिवे पेटते ठेवणारी नक्षी लावा. मग एका टोकापासून वीतभर वीतभर भाग हातात घेऊन अलगद वाकवा. लुकलुकलं की थांबा आणि शिंप्याच्या खडूने खूण करा. पेन्सिल काळ्या कापडावर दिसत नाही.

कुठे शोधायचं? कंट्रोलरवरून येणारी तार जिथे पट्टीला सोल्डर केली आहे ती पहिली जागा. मग कोपर, काख, गुडघा, कंबर, आणि पंख पाठीला जिथे मिळतात तो सांधा. त्यानंतर तीन पिनांचे जेएसटी कनेक्टर. ते अर्धवट बसतात आणि नाचताना सुटतात.

पट्टी लवचीक आहे म्हणून ती कशीही वळवली तरी चालते, हा समज महागात पडतो. ती फक्त तिच्या सपाट अंगाने गोल वळते, आडवी वळत नाही. घेरदार घागऱ्याच्या काठाला ती आडवी ओढून शिवली की आतलं तांबं पहिल्याच गिरकीत ताणलं जातं. शिवाय सोल्डरची जागा कडक होते आणि लगतची तार मऊच राहते. सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं आणि तार बरोबर तिथेच तुटते. वरून प्लास्टिकचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणूनच टेबलावर सगळं ठीक वाटतं: टोकं एकमेकांना टेकलेली असतात.

दुरुस्ती करताना फक्त पुन्हा सोल्डर करून परत पाठवू नका, पुढच्या कार्यक्रमात तोच पोशाख परत येईल. मी असं करते. सांध्यावर पट्टी कापते, तांब्याच्या ठिपक्यांच्या मधल्या खुणेवरच. दोन तुकडे मऊ सिलिकॉन वायरने जोडते आणि मधे सैल वळसा सोडते. हात पूर्ण वर नेल्यावरही वायर ताणली जाता कामा नये. पॉवरला २२ गेजची, डेटाला त्याहून बारीक चालते. जोडावर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी). मग जोडापासून बोटभर अंतरावर वायर कापडाला चार टाके घालून बांधते, म्हणजे ओढ टाक्यांवर येते, सोल्डरवर नाही. फेविक्विकसारखा गोंद वायरवर लावू नका; तो तारेच्या बारीक धाग्यांत शिरून ती काडीसारखी कडक करतो. ग्लू गन चालते, पण थोडीच.

पट्टी कापडाला टाचताना सुई पट्टीतून घालू नका. नेटची किंवा ऑर्गंझाची अरुंद पट्टी दोन्ही कडांनी शिवून बोगदा करा आणि पट्टी त्यात सरकवा. धुवायच्या वेळी सगळं बाहेर काढता येतं, आणि नेटमुळे दिव्यांचे टोचणारे ठिपके थोडे मऊ दिसतात.

चौथी: मल्टिमीटर

दोन-तीनशे रुपयांचं पिवळं मल्टिमीटर पुरतं. पोशाख चालू ठेवून सगळे दिवे पांढरे करा आणि आधी पट्टीच्या सुरुवातीला, मग शेवटाला पाच व्होल्ट आणि ग्राउंडमधलं व्होल्टेज मोजा. सुरुवातीलाच ४.५ च्या खाली असेल तर पॉवर बँक किंवा केबलकडे परत जा. सुरुवातीला पाचच्या आसपास आणि शेवटी बरंच कमी असेल, तर पट्टीतल्या पातळ तांब्यात व्होल्टेज पडतंय. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल दोनच्या आसपास पेटतो. म्हणून आधी निळा हरतो आणि पांढऱ्याचा तांबूस होतो. उपाय: पॉवरच्या दोन तारा वेगळ्या ओढून पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही द्या. डेटा एकाच बाजूने जाऊ द्या.

मग पॉवर बंद करा, पूर्ण सुटी करा, आणि मीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप वाजते तो मोड) लावून प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. बीप चालू असताना वायर वाकवत राहा. बीप तुटली की सापडली. एक आणखी मोजाच: पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजली तर शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत पॉवर लावायची नाही.

पाचवी: डेटाची कुरबुर

हलवून काही होत नाही, व्होल्टेज ठीक आहे, तरी रंग वेडे होतात. आता डेटाकडे वळा. पट्टीला पाच व्होल्ट दिले तर या चिपेला डेटा "चालू" समजण्यासाठी त्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट हवेत. ईएसपी३२ देतो ३.३. कागदावर हे चालायलाच नको. प्रत्यक्षात टेबलावर, आखूड तारेने, बऱ्याचदा चालून जातं. तार लांबली, अंगाभोवती फिरली, की बिनसतं. तीन साध्या सेलच्या ४.५ व्होल्टवर तीच मर्यादा ३.१५ होते. त्यामुळे सेलवर गुणी बाळासारखा चालणारा पोशाख पॉवर बँकेवर नेला की लुकलुकायला लागतो, आणि लोक बिचाऱ्या पॉवर बँकेला दोष देतात.

स्वस्त उपाय आधी: कंट्रोलर पहिल्या दिव्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, लांब करायच्या तर पॉवरच्या तारा करा. डेटाच्या सोबतीने ग्राउंडची तार आहे ना बघा. डेटाच्या तारेत पट्टीजवळ ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर आणि पॉवरवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला; कपॅसिटरची पट्ट्याची बाजू ग्राउंडला. एवढ्याने भागलं नाही तर ७४एएचसीटी१२५ हा लेव्हल शिफ्टर, म्हणजे ३.३ चा सिग्नल पाच व्होल्टवर चढवणारी चिप, लावा. नावातलं "एचसीटी" महत्त्वाचं आहे, साधा "एचसी" घेऊन आलात तर फेरी फुकट. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड; किरकोळ पैशांत मिळतो.

आणि बाण बघा. पट्टीवर डेटाची दिशा छापलेली असते. दुरुस्तीत एखादा तुकडा उलटा जोडला गेला की त्यापुढे काहीच पेटत नाही.

सहावी: दिवाच गेलाय

सगळं झाल्यावरच इथे या. अंधार जिथून सुरू होतो तिथे संशयित दोन: पहिला न पेटणारा आणि त्याच्या आधीचा, पेटणारा. आधीचा स्वतः नीट पेटत असला तरी डेटा पुढे देणं त्याने थांबवलेलं असू शकतं. दोन्ही कापून तेवढाच नवा तुकडा जोडा. सोल्डरची इस्त्री गरम असावी पण दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. तांब्याचे ठिपके सुटून येतात आणि मग तो भाग कायमचा गेला. पट्टीवर सिलिकॉनचा थर असेल तर आधी ब्लेडने ठिपके स्वच्छ करा.

सॉफ्ट टॉयचं गणित थोडं वेगळं

इथे गुन्हेगार बहुधा कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहून नेणारा, धागा. व्हिडिओत तो फार छान दिसतो. पण त्याचा रेझिस्टन्स साध्या वायरच्या कितीतरी पट असतो. एक-दोन मंद दिव्यांना तो चालतो, पिक्सेलची माळ त्यावर धापा टाकते. खरी गंमत पुढे आहे: पोर टेडीला मिठी मारतं, पोट दाबलं जातं, आतले दोन धागे एकमेकांना टेकतात आणि सगळं विझतं. सोडलं की परत चालू. असं लक्षण दिसलं तर उसवून गाठी बघा. गाठीची सुटी टोकं केसांसारखी पसरलेली असतात. ती आखूड कापून पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब द्या आणि दोन धाग्यांच्या मधे फेल्टचा तुकडा शिवा. दोन-तीन दिव्यांच्या पुढे गेलात तर सरळ सिलिकॉन वायर वापरा.

पट्टी थेट रेक्रॉनमध्ये खुपसू नका. भरणात उष्णता बाहेर पडत नाही. नेटच्या नळीत घाला, ब्राइटनेस कमी ठेवा, आणि बॅटरीला चेनचा स्वतंत्र कप्पा द्या. बटण सेल वापरायचाच असेल तर कप्पा स्क्रूने बंद होणारा हवा.

इथे थांबा

पॉवर बँक किंवा लिथियम सेल फुगला, गरम झाला, गोडसर-रसायनासारखा वास आला: सुटा करा, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा, उघडू नका, पुन्हा चार्ज करू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. याची दुरुस्ती नसते.

शॉर्टची बीप येतेय आणि जागा सापडत नाही, किंवा कंट्रोलरच्या बारीक पिनेला सोल्डर करायचंय: मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. त्यांच्याकडे भिंग आणि बारीक टोकाची इस्त्री असते, दहा मिनिटांत होतं.

पोशाख किंवा सजावट भिंतीच्या प्लगवरच्या अडॅप्टरवर चालते आणि अडॅप्टर गुणगुणतो, तापतो किंवा हाताला झिणझिण्या येतात: प्लग काढायला ओल्या हाताने जाऊ नका, मेन स्विच बंद करा. अडॅप्टर बदला, तो उघडायचा नाही. वायरिंगचा संशय असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अंगावरचा पोशाख तर प्लगला जोडलेला असताच कामा नये.

मुलाने बटण सेल गिळल्याची नुसती शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर भाजू शकतो.

आणि नाचणाऱ्याला पॉवर बँकेची केबल स्वतःच्या हाताने ओढून काढता आली पाहिजे. पाठीत, बंद चेनच्या आत पॉवर बँक असलेला पोशाख मी दुरुस्त करून परत देत नाही. कप्पा पुढे घेते, मगच देते.

कार्यक्रमाला तासभर उरलाय

निदान सोडा. ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणा, केबल बदला, सगळे जेएसटी दाबून त्यावर टेप गुंडाळा. तरीही एका जागेपुढे अंधार असेल आणि सोल्डरची इस्त्री हाताशी असेल, तर संशयित दोन दिवे कापून काढा आणि दोन्ही बाजू तीन छोट्या वायरींनी जोडा. नक्षी दोन दिव्यांनी सरकेल, ते प्रेक्षकांत कोणालाही कळत नाही. इस्त्री नसेल तर दुसऱ्या बाजूचा पंखही कोडमधून तेवढ्याच दिव्यांवर थांबवा. एका बाजूचाच अर्धा पंख विझला तर बिघाड दिसतो, दोन्ही अर्धे असले की डिझाइन वाटतं.